टाच टेकेपर्यंत

आमच्या घरात आवाज थांबला की आम्ही घाबरायचो. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला की अप्पा तोंडावर पाणी मारून मागाच्या खड्ड्यात उतरत, आणि तिथून भाकरीच्या वेळेपर्यंत खट-खटक, खट-खटक चालू राही. घर म्हणजे एकच लांब खोली. पुढच्या अर्ध्यात माग, मागच्या अर्ध्यात आम्ही. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून अप्पा बसत, पायाखालच्या दोन पावड्या आळीपाळीने दाबत आणि हाताने धोटा इकडून तिकडे पळवत. आईला आम्ही कानडी वळणानं अव्वा म्हणत असू. ती मागच्या अर्ध्यात शेंगांची चटणी कांडायची. तिचा ठोका आणि अप्पांचा ठोका कधीच जुळायचा नाही, आणि त्यावरून दोघं एकमेकांना टाकून बोलायचे. अप्पांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, नवरा गेल्यापासून आमच्याकडेच होती. ती दारात बसून सुताच्या लडी उकलायची आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाचा उद्धार करायची. घरात कानडी, बाजारात मराठी आणि शेजारच्या लचम्माशी भांडायला तेलुगू, असा आमचा कारभार होता. कुठली भाषा कुठे संपते हे मला शाळेत गेल्यावर कळलं, तेही मास्तरांच्या छडीनं.

माझं काम कांड्या भरण्याचं. डाव्या हातात सूत धरायचं, उजव्या हातानं राट, म्हणजे कांड्या भरायचा चरखा, फिरवायचा आणि धोट्यात बसेल अशी घट्ट कांडी भरायची. ओढ कमी पडली तर कांडी सैल होते, जास्त झाली तर सूत तुटतं. माझ्या हातून सूत तुटत नसे. हे मी फुशारकीनं सांगते आहे, कारण पुढचं सगळं या फुशारकीपायीच घडलं. अप्पा लोकांना सांगत, 'आमच्या गंगीच्या बोटाला डोळं हायती.' असं कुणी चौदा वर्षांच्या पोरीसमोर बोलू नये. पोरीला ते खरं वाटतं.

अव्वाचं माहेर मैंदर्गीच्या अलीकडे. तिथल्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरून, गुडघाभर पाण्यात उभं राहून, ओंजळीनं पाणी पिण्याची मजा मी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मनसोक्त लुटली होती. त्या मजेचं फळ वर्षानं आलं. उजव्या घोट्यावर एक फोड उठला, निखारा ठेवल्यासारखा जळायला लागला, आणि न्हाणीत पाय भिजवल्यावर फुटला. त्यातून पांढऱ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलं. ते हललं. मी ओरडले नाही, अव्वा ओरडली. आत्यानं लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, 'नारू हाय.' आजच्या मुलांना नारू ठाऊक नाही. माझ्या नातवाला सांगितलं, तर त्याला वाटलं आजी घाबरवण्यासाठी गोष्टी रचते. हात-दीड हात लांबीचा जंत माणसाच्या पायात वर्षभर राहतो आणि मग आपल्या सवडीनं बाहेर पडतो, हे रचायला माझ्याकडे एवढी कल्पनाशक्ती असती तर मी काय भाकऱ्या थापल्या असत्या?

अव्वाच्या गावचा बिरूअप्पा धनगर मेंढरं घेऊन अधूनमधून शहराच्या कडेला उतरायचा. नारू काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं ते टोक एका काडीला बांधलं, काडीला एक वेढा दिला, काडी घोट्यावर चिंधीनं बांधून टाकली आणि मला दम भरला. 'दिसाला येक येढा. येकच. त्यो त्याच्या पायानं येतुया, आपुन त्याला वडायचं न्हाय. तुटला तर मागारी जातुया. मग ह्यो पाय तुजा न्हाय, त्याचा.' मी मान हलवली. किती दिवस लागतील विचारलं. तो म्हणाला, महिना, दीड महिना. लचम्माच्या लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं, आणि त्या मांडवात नाचायचं मी कधीपासून ठरवून ठेवलं होतं.

आठ दिवस मी गुण्यागोविंदानं एकेक वेढा दिला. नवव्या दिवशी अव्वा आणि आत्या पाण्याला गेल्या, अप्पा सूत आणायला नव्या पेठेत गेले, आणि घरात मी, राट आणि माझी अक्कल एवढेच उरलो. मला वाटलं, बिरूअप्पा मेंढरामागं फिरणारा माणूस, त्याला ओढ काय कळणार. काडीला हातानं वेढा दिला की ओढ कमीजास्त होते, म्हणून तो भितो. राटाला ओढ एकसारखी असते. मी रोज शंभर कांड्या भरते, माझ्या हातून सूत तुटत नाही. मी काडी सोडली, ते टोक ओल्या सुतानं राटाच्या चातीला, म्हणजे कांडी बसते त्या सळीला, बांधलं, सूत जसं ओलं करून घेतात तसा घोटा पाण्यानं ओला केला, आणि राट नखभर फिरवला. आला. अजून नखभर फिरवला. तोही आला. मला इतका आनंद झाला की मी स्वतःशीच बोलायला लागले. तिसऱ्या वेळी चातीवरची ओढ एकदम सैल झाली. तुटलेलं सूत हाताला कसं लागतं हे मला माहीत होतं.

पुढचे अडीच महिने मी लिहिणार नाही, कारण ते मला नीट आठवत नाहीत, आणि जे आठवतं ते लिहिण्याजोगं नाही. पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत सुजला, ताप चढला, जागोजागी पू झाला. धोतऱ्याची पानं बांधली, पोटिसं झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरनं दोनदा चिरा दिल्या. ह्या सगळ्यात मी गुडघा उशीवर दुमडून एकाच कुशीवर पडून होते, कारण तेवढंच सोसवत होतं. जखमा सुकल्या तेव्हा श्रावण लागला होता. अव्वानं मला उभं करायला हात दिला, तर गुडघा उघडेना. दुमडलेला पाय दुमडलेलाच. आधारानं उभी राहिले तर बोटांची टोकं जेमतेम भुईला लागत, टाच वर अधांतरी. अव्वानं पदरानं तोंड झाकलं. मला मात्र रडू आलं नाही. मला राग आला होता. बिरूअप्पाचा नाही, नारूचा नाही, माझ्याच शहाणपणाचा. त्या रागावर मी पुढचे पाच महिने काढले. लोक म्हणतात राग वाईट. असेल. माझ्या तो उपयोगी पडला.

मी बसल्या बसल्या सरकत घरभर फिरायला लागले आणि पुन्हा कांड्या भरायला लागले. आत्या दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. तिनं एकटीनं जन्म काढला होता आणि पांगळ्या पोरीचं काय होतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण एकदा तिच्या डोक्यात गोष्ट शिरली की निघत नसे. तिच्या सासरच्या नात्यात मैंदर्गीचा बसप्पा म्हणून एक बिजवर होता. बायको मागच्या वर्षी गेलेली, तीन लेकरं, घरी चार माग. एक दिवस भाकरी मोडता मोडता ती आपल्या धाकट्या भावाला, अप्पांना, म्हणाली, 'तम्मा, त्यांनी निरोप धाडलाय. पायाचं समदं सांगितलंय मी. चालतंय म्हनत्यात. चार मागांना कांड्या भरायला मानूस पायजे त्यांना. हिचा हात मोप चालतोय की.' अप्पांनी भाकरी खाली ठेवली नाही, पण चावायचे थांबले. मी मागच्या अर्ध्यातून म्हणाले, 'मी न्हाय जानार.' आत्या म्हणाली, 'तू कशी जानार, तुला न्यायलाच लागतंय.' हे ती चेष्टेनं म्हणाली, आणि अव्वासुद्धा हसली. ते हसू मी विसरलेली नाही.

खंडेनवमीला आमचा माग बंद असे. वर्षातला तो एकच दिवस. अप्पांनी माग धुऊन पुसून त्याला भस्माचे पट्टे ओढले, झेंडूची माळ घातली, धोटा पाटावर मांडला आणि सगळे गल्लीत पूजेच्या पानसुपारीला गेले. घर इतकं शांत होतं की मला करमेना. मी सरकत मागापाशी गेले आणि अप्पांच्या जागेवर, खड्ड्याच्या काठावर बसले. डावा पाय सहज खाली उतरला. उजवा उतरेना. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबला आणि तो पाय माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली गेला. दुखलं ते विचारू नका, पण खाली गेला. मी दाबत राहिले. तेवढ्यात आत्या परतली. पूजा केलेल्या मागात, तेही बाईमाणसानं, तेही तो पाय घालून बसलेली पाहून तिनं कपाळ बडवायचंच बाकी ठेवलं. आमच्यात बायका सूत उकलतात, कांड्या भरतात, खळ लावतात, पण मागावर बसत नाहीत. बसलं तर माग रुसतो म्हणायचे. गल्ली जमा झाली. अप्पा आले, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, खड्ड्यात वाकून माझ्या पायाकडं पाहिलं. 'किती गेला खाली?' त्यांनी विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी पावडीपासून माझ्या टाचेपर्यंतचं अंतर वितीनं मोजलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जळणातली फळकुटं तासून नऊ सारख्या पट्ट्या केल्या आणि उजव्या पावडीवर एकावर एक रचून सुतळीनं आवळून बांधल्या. त्यामुळे पावडी एवढी उंच झाली की माझा दुमडलेला पाय तिच्यावर कसाबसा पोचला. 'बोटांनी न्हाय, टाचंनं दाब,' अप्पा म्हणाले. 'आठ दिसांनी येक पट्टी काडायची. पाय खाली येतोय का बगू.' आत्या म्हणाली, 'आन् मैंदर्गीला काय सांगू? ते संक्रांतीच्या आत येतो म्हनलेत.' अप्पांनी जरा विचार केला. गरीब स्वभावाचा माणूस तो, थोरल्या बहिणीला तोडून बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. म्हणाले, 'येऊ दे की. त्या दिशी हिची टाच भुईला टेकली तर मी त्यांला परत धाडतो. न्हाय टेकली तर तू म्हनशील तसं.' माझं सगळं आयुष्य त्या टाचेवर ठेवून ते हात धुवायला गेले.

मग ते सुरू झालं. दुपारी अप्पा भाकरी खाऊन लवंडले की मी मागावर. उरल्यासुरल्या सुताचा ताणा त्यांनी माझ्यासाठी वेगळा जोडून दिला होता, त्यावर मी पंचे विणायचे. पंचे कसले, एका पायाचं बळ कमी म्हणून एक धागा घट्ट, एक सैल, चाळणीच ती. डावी पावडी दाबायला काही नव्हतं. उजवी दाबताना मांडीपासून घोट्यापर्यंत कुणी चिरतंय असं वाटे, आणि माझ्या तोंडून किंकाळी निघे. एक धागा, एक किंकाळी. लचम्मा भिंतीपलीकडून विचारायची, 'काय करलालीस गं पोरी, कुणाला मारलालीस?' आठ दिवसांनी अप्पांनी पहिली पट्टी काढून जळणात टाकली. मी ती जळताना पाहायला चुलीपाशी जाऊन बसले. सोळा दिवसांनी दुसरी गेली. मग तिसरी. चौथ्या खेपेला पाय इतका सुजला की मी अप्पांना म्हणाले, राहू द्या आता. त्यांनी काढलेली चौथी पट्टी चुलीत सारली, आणि संध्याकाळी आत्या दारात कुणाला तरी मैंदर्गीच्या घराला किती खण आहेत ते सांगत होती. ते ऐकलं आणि दुसऱ्या दुपारी मी मुकाट्यानं खड्ड्यात उतरले. कुणी मला धीर दिला, समजावलं, असं काही झालं नाही. ते घराचे खण ऐकले, बस्स.

मग एक मोठी गंमत झाली. दुखणं एकदम कमी झालं. पाय सहज पावडीवर बसायला लागला, किंकाळ्या थांबल्या, पंचाही जरा नीट यायला लागला. मला वाटलं, जिंकले. मी गाणी म्हणत विणायला लागले. दहाबारा दिवस असे मजेत गेले. मग अप्पांनी पट्टी काढायला हात घातला आणि थबकले. त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. पाच राहायला हव्या होत्या, सात होत्या. दोन पट्ट्यांची कड तासलेली नव्हती, थेट जळणातल्या. म्हणजे मी पुढे गेलेच नव्हते, उलट मागे आले होते, आणि त्यावर खुशीत नाचत होते. 'आत्यानंच केलं,' मी ओरडले. तोंडाला येईल ते तिला बोलले, लचम्माकडून शिकलेल्या तेलुगू शिव्यासुद्धा घातल्या. आत्या मात्र खाली मान घालून सूत उकलत राहिली. तेव्हा मागच्या अर्ध्यातून अव्वा म्हणाली, 'तिनं न्हाय, मी ठेवल्या.' मुसळ हातात तसंच होतं. 'तुजं वरडनं मला ऐकवंना गं. आतडं तुटतंय माजं. पांगळी तर पांगळी, पन रोज रोज असं...'

मी अव्वाला काय बोलले ते लिहायची लाज वाटते. आत्याला घातल्या त्या शिव्या परवडल्या. आज मी स्वतः दोन लेकरं आणि पाच नातवंडं वाढवल्यावर मला कळतं की लेकराचं दुखणं कमी करण्यापलीकडे आईला काही दिसत नाही, आणि त्या वेळी तिला दिसायला हवं होतं हेही तितकंच खरं. मी तिला माफ केलं तरी ते बारा दिवस कुणी परत दिले नाहीत. अप्पांनी दोन्ही पट्ट्या उपटल्या आणि, माझ्याकडे एकदा बघून, तिसरीही काढली. चार उरल्या. मी पाय ठेवला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण ओरडले नाही. ओरडलं की अव्वा पुन्हा काहीतरी करणार हे मला कळून चुकलं होतं. पदराचा बोळा दातात धरायचा आणि धागा टाकायचा. त्यानंतर मागावर माझा आवाज घरात कुणी ऐकला नाही, आणि लचम्मा एकदा भिंतीवरून डोकावून पोरगी जिवंत हाय का बघून गेली.

येळवस, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवायची मार्गशीर्षातली अमावास्या, झाली. अव्वानं त्या वर्षीही भज्जी आणि आंबील केली, पण आम्ही कुणाच्या शेतात गेलो नाही. त्यानंतर चार दिवसांनी मैंदर्गीची माणसं आली. बसप्पा आणि त्याचा थोरला चुलता. पावडीवर तेव्हा एकच पट्टी उरली होती. बसप्पा बिचारा भिंतीकडे बघत बसला होता, सगळं बोलणं चुलत्याचं. पोहे झाले, चहा झाला. चुलत्यानं आधी माझे हात पाहिले, बोटं उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाला, 'चालून दाखव बाळ.' मी मागच्या भिंतीपासून मागापर्यंत चालले. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा, भिंतीला हात न लावता, परक्या माणसांसमोर. लंगडत होते, पण चालत होते. मागापाशी थांबले आणि टाच दाबली. सगळा जीव त्या टाचेत गोळा केला. आत्या उठली, माझ्या पायाशी बसली आणि टाचेखाली हात सरकवला.

'दोन बोटं जात्यात,' ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. 'अट म्हंजी अट, तम्मा.'

चुलता हसला. 'अवो असू द्या की. आमाला काय पायाचं? हात पायजेत. पाय धड असता तर पोरगी गल्लीभर हिंडली असती, उगी डोक्याला ताप.' बसप्पानं तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं आणि मान हलवली.

म्हणजे टाच टेको न टेको, यांना काही फरक नव्हता. मी तीन महिने दात ओठ खाऊन ज्यासाठी पाय ओढला ते यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं. मी अप्पांकडे पाहिलं. ते मागाच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं नाही. चुलत्याकडे पाहून म्हणाले, 'टेकली टाच.'

माझे वडील खोटं बोललेले मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आत्यानंही नसावं, कारण तिचा हात अजून माझ्या टाचेखाली होता आणि तो तिला काढता येईना. अव्वा मागच्या अर्ध्यात उभी राहिली. एवढं झाल्यावर मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. अप्पांनी सांगून टाकलं होतं, माणसं उठून गेली असती. पण माझा राग पुन्हा डोक्यात गेला. त्या माणसासाठी अप्पांनी खोटं का बोलावं?

'न्हाय टेकली, अप्पा,' मी म्हणाले. 'दोन बोटं ऱ्हायलीत. टेकली असती तरी मी गेली नसती आन् न टेकता बी जानार न्हाय. अट तुमची व्हती, पाय माजा हाय.' मग चुलत्याकडं वळले. 'तुमाला हातच पायजेत तर हात कुटं मिळत्यात का बगा बाजारात. माजे पायाला जोडल्यात.'

बसप्पाचे कान लाल झाले. चुलत्यानं पटका सारखा केला, चपला पायात घातल्या, उंबऱ्यापाशी थांबला आणि अप्पांना म्हणाला, 'पोरीला तोंड लई हाय तुमच्या.'

'व्हय,' अप्पा म्हणाले. 'आता पायबी हाय.'

आणि ते मागावर जाऊन बसले.